पिल्लं कुठे वाढवावीत: शांत खोलीत की घराच्या वावरात?

दत्तक जाईपर्यंत कुत्र्याच्या पिल्लांचं सगळं जग म्हणजे आपलं घर. त्यातला कोणता कोपरा त्यांना द्यायचा, हा प्रश्न साधा नाही.

पहिले दोन आठवडे शांत, उबदार खोलीच हवी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. डोळे १० ते १४ दिवसांनी उघडतात, कान त्यानंतर. अंगातली ऊबही त्यांना स्वतःला टिकवता येत नाही. ती आईच्या कुशीतून मिळते. माणसांच्या ये-जा करण्याने आई बिथरली, तर ती दूध पाजता पाजता उठून जाते. आपण मात्र रोज वजन करायला आत जायचं. एखाद्याचं वजन वाढेना, तर लगेच डॉक्टरांना दाखवायचं.

तिसऱ्या आठवड्यानंतर तीच खोली अपुरी पडते. तिथून साधारण १२ ते १४ आठवड्यांपर्यंत पिल्लू जगाशी ओळख करून घेतं. बैठकीच्या खोलीत जाळीच्या कुंपणात वाढलेली पिल्लं मिक्सर, दाराची बेल, मुलांचा गलका ऐकत निवांत झोपतात. बंद खोलीतलं पिल्लू नव्या घरी झाडूलाही घाबरतं, आणि ते बघवत नाही.

वावराच्या जागेत शी-शू सतत पुसावी लागते, वायरी उचलाव्या लागतात. खरी भीती पार्व्होची, म्हणजे पिल्लांना जीवघेण्या उलट्या-जुलाब करणाऱ्या विषाणूची. तो चपला-बुटांवरूनही घरात येतो आणि लसीकरण सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास सुरू होतं. म्हणून पाहुण्यांनी चपला दाराबाहेर काढायच्या, हात धुवायचे आणि मगच पिल्लांना उचलायचं.