वाढीव गस्तीचा परिणाम कसा मोजायचा : आधी-नंतरची तुलना की नाणेफेक?

सोलापुरात एखाद्या चौकात बीट मार्शलची, म्हणजे दुचाकीवरून फिरणाऱ्या पोलिसांची, गस्त वाढवली आणि सोनसाखळी चोऱ्या घटल्या, तर श्रेय गस्तीचंच का? आधी-नंतरच्या आकड्यांवरून ते ठरत नाही. चौक निवडला जातो तोच चोऱ्या वाढल्यावर, आणि अशी वाढ पुष्कळदा आपोआपही ओसरते. त्यात जानेवारीत गड्डा यात्रा. यात्रेची गर्दी ‘आधी’त आणि फेब्रुवारी ‘नंतर’मध्ये धरला, की कुठलीही योजना यशस्वी दिसते. पद्धत स्वस्त आहे, नोंदी ठाण्यात तयार असतात. वापरायचीच तर गेल्या वर्षीचे तेच महिने शेजारी मांडा.

नाणेफेकीची पद्धत कष्टाची, पण आमचा कौल तिलाच. ११२ या पोलीस मदत क्रमांकावरच्या वर्षभराच्या कॉलवरून जास्त तक्रारींची ठिकाणं काढायची, सारख्या कॉलसंख्येच्या जोड्या लावायच्या, प्रत्येक जोडीत नाणं उडवून एकीकडे गस्त वाढवायची, दुसरीकडे नेहमीचीच ठेवायची. अमेरिकेत मिनियापोलिसला १९८८-८९ साली अशी ११० ठिकाणं घेतली होती. निम्म्या ठिकाणी गस्त वाढवली. दहा-बाराच ठिकाणं असतील तर फरक योगायोगात बुडतो.

बिघडतं ते अंमलबजावणीत. मोर्चाचा बंदोबस्त लागला की मार्शल तिकडे जातात, गस्त वहीतच राहते. म्हणून प्रत्येक ठिकाणी प्रत्यक्ष थांबल्याची मिनिटं जीपीएसवरून काढा. शेजारच्या गल्ल्याही मोजा, चोर तिकडे सरकले असतील. नुसत्या गुन्हेनोंदीवर विसंबू नका: पोलीस जवळ दिसले की लोक तक्रार द्यायला पुढे येतात आणि आकडा उलट वाढतो.