गुठळी विरघळवायची की ओढून काढायची?

फुफ्फुसाच्या धमनीत मोठी गुठळी अडकून सिस्टॉलिक (वरचं) बीपी ९० च्या खाली उतरलं की गुठळी वाढू न देणाऱ्या नुसत्या हेपारिनवर भागत नाही, हे आयसीयूत काम करणाऱ्यांना सांगायला नको. शिरेतून गुठळी विरघळवणारं अल्टेप्लेज द्यायचं की कॅथेटरनं गुठळी काढायची, इथे गाडी अडते. मी वेळोवेळी दोन्ही मार्ग निवडले आहेत.

कागदावर कॅथेटर सरस दिसतं. जांघेतल्या शिरेतून नळी वर न्यायची, गुठळी खेचून घ्यायची. रक्तस्रावाची धास्ती त्या मानानं कमी. अल्टेप्लेजच्या जातीच्या औषधांची ही धास्ती खोटी नाही. २०१४ च्या पेइथो चाचणीत बीपी टिकून असलेल्या पेशंटना त्याच जातीचं टेनेक्टेप्लेज दिलं, त्यातल्या सुमारे २ टक्क्यांना मेंदूत रक्तस्राव झाला. म्हणून बीपी नीट असेल तोवर मी हेपारिनवर ठेवतो आणि डोळ्यांत तेल घालून पाहतो.

बीपी कोसळल्यावर मात्र मला नकोशी होते ती कॅथ लॅबपर्यंतची, म्हणजे कॅथेटरचं काम होतं त्या खोलीपर्यंतची, हलवाहलव. टीम येईपर्यंतचा वेळ जातो तो वेगळाच. बीपी धरून ठेवणाऱ्या नॉरअॅड्रेनलिनचा पंप, ऑक्सिजन, मॉनिटर सगळं ट्रॉलीवर चढवायचं, आणि बसूनही धाप लागणाऱ्या माणसाला टेबलावर सपाट झोपवायचं. झोपवत नाही म्हणून भूल द्यावी, तर ताणलेलं उजवं हृदय तिथेच मान टाकतं. लिफ्टच्या दारात सिस्टॉलिक ६० वर आलेलं मी पाहिलंय. तिथे करण्यासारखं फार काही हातात नसतं.

अल्टेप्लेज खाटेपाशीच सुरू होतं. दोन तासांत १०० मिलिग्रॅम; हृदय थांबलंच तर ५० एकदम. लागू पडलं की आधी नॉरअॅड्रेनलिन उतरवता येतं, मग गार पडलेले तळवे कोमट लागतात. निदान माझा अनुभव तरी असा आहे. युरोपियन हृदयरोग सोसायटीची २०१९ ची मार्गदर्शक तत्त्वंही अशा पेशंटसाठी आधी शिरेतूनच औषध द्यायला सांगतात.

नुकतीच मोठी शस्त्रक्रिया झालेली असेल, मेंदूत पूर्वी रक्तस्राव झाला असेल किंवा आत्ता कुठून रक्त जात असेल, तर कॅथेटर किंवा ऑपरेशनच बरं. टीम चोवीस तास दारात उभी असेल तिथेही माझा आग्रह थोडा सैल होतो.

अल्टेप्लेज ठरलं असेल तर रक्तस्रावाची धास्ती असते, म्हणून मानेतल्या मोठ्या शिरेत नळी (लाइन) घालत बसू नका. नॉरअॅड्रेनलिन थोडा वेळ हाताच्या चांगल्या शिरेतून चालतं. औषध लागू पडलं नाही तर, म्हणून कॅथ लॅबला फोन मात्र ते सुरू करतानाच करा.