धावायला सुरुवात करताय? डांबर की मुरूम

थंडी पडली की नाशिकच्या गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर पहाटे चालणाऱ्यांचीच इतकी गर्दी होते की धावणारे कंटाळून गंगापूर रोड धरतात. मग कुणीतरी हमखास म्हणतं, "डांबरावर धावू नका, गुडघे जातील!"

मामला इतका सरळ नाही. धावताना प्रत्येक पावलाला वजनाच्या दुप्पट-अडीचपट भार येतो हे खरं, पण पाय स्प्रिंगसारखा वागतो. जमीन मऊ असली की तो ताठ होतो, टणक असली की गुडघा-घोटा जरा जास्त दबतो. त्यामुळे कंबर जवळपास तेवढीच खाली-वर होते. पुढे कसली जमीन आहे हे माहीत असलं, तर हा बदल तिच्यावरच्या पहिल्याच पावलात होतो. म्हणजे नुसत्या मऊपणावर गुडघ्यांचा विमा उतरवू नका.

डांबराचा मोठा गुण म्हणजे सपाटपणा. वेग एकसारखा ठेवता येतो, अंतराचा हिशेब लागतो. दोष दोन. एक, प्रत्येक पाऊल हुबेहूब आधीच्यासारखं पडतं, त्यामुळे ताण त्याच त्या जागी साचतो. दुसरा सहसा कुणी सांगत नाही: पाणी वाहून जावं म्हणून रस्ता कडेला उतरता असतो. रोज एकाच कडेने धावलात तर एक पाय कायम खालच्या अंगाला. काँक्रीटचं म्हणाल, तर पायाच्या हिशेबाने डांबर आणि ते दोन्ही दगडच.

मुरूम किंचित दबतो, आणि पाऊल दर वेळी थोडं वेगळं पडतं. मला तो आवडतो. पण वरची खडी सुटली की रेटा देताना पाय मागे घसरतो, वेग पडतो. पावसाळ्यात तर नावच नको. जुलैत एका मैदानावर गवताखालचा खड्डा दिसला नाही, घोटा मुरगळला आणि तीन आठवडे घरी बसलो. तोच खड्डा उघड्या डांबरावर लांबूनच दिसला असता.

मऊ तेवढं दमवणारं, असंही नाही. कोरड्या वाळूवर धावायला टणक जमिनीच्या सुमारे दीडपट ऊर्जा लागते, कारण वाळू ती गिळते, परत देत नाही. उलट हार्वर्डमध्ये 1977 साली बांधलेला लवचीक ट्रॅक दिलेली ऊर्जा परत करायचा. तिथे धावपटूंच्या वेळा 2-3 टक्क्यांनी सुधारल्या.

नवखे असाल तर आठवड्यातले तीन दिवस मुरुमावर घाला. शर्यत रस्त्यावरची असेल तर लांब पल्ल्याचा एक दिवस डांबरावर हवाच, नाहीतर शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी पोटऱ्या जिना उतरू देणार नाहीत. पेव्हर ब्लॉकच्या फुटपाथवर मात्र धावूच नका. हलणारा ब्लॉक नेमका आपल्याच पायाखाली येतो.