‘टीकप यॉर्की, एकदम शांत’ म्हणून विकलेलं पिल्लू: छोटा टेरियर घेणाऱ्यांनी हे वाचाच

पिल्लू विकणारा माणूस तुमच्या घरात कोण कोण आहे हे विचारायच्या आधीच "तुमच्या घराला एकदम परफेक्ट" म्हणायला लागला तर तिथेच थांबा. ‘टीकप यॉर्की’ (म्हणे चहाच्या कपात मावेल एवढा बारका यॉर्कशायर टेरियर) म्हणून भलतंच पिल्लू देऊन आमची जी फसवणूक झाली ती दुसऱ्या कुणाची होऊ नये म्हणून सगळं सविस्तर लिहितेय, पोस्ट मोठी झालीये, पण छोटा टेरियर घ्यायचा ज्यांचा विचार चाललाय त्यांनी प्लीज पूर्ण वाचा.

आमचं घर म्हणजे मी आणि नवरा दोघंही नोकरीवाले, सासूबाई काठी घेऊन चालतात, लेक शाळेत जाते आणि तिला दम्याचा थोडा त्रास आहे, शिवाय एक म्हातारी मांजर, मनी. हे सगळं आम्ही आपणहून त्याला पहिल्याच फोनवर सांगितलं. त्याचं प्रत्येकाला उत्तर तयार होतं. सासूबाई आहेत? मग तर टीकप यॉर्कीच घ्या, मांडीवरून उठणार नाही. दमा? ही जात हायपोअ‍ॅलर्जेनिक, म्हणजे अॅलर्जीचा त्रासच नाही, केसच गळत नाहीत. मांजर? लहानपणापासून एकत्र राहिले की भावंडांसारखे होतात. दिवसभर घरी फक्त सासूबाई? काही टेन्शन नाही, ते झोपूनच असतं. आणि भुंकण्याचं विचारलं तर म्हणे आमची लाइनच, म्हणजे आमच्या कुत्र्यांचा वंशच, शांत आहे. इतकं गोड बोलत होता, इतक्या सहज बोलत होता की समोरच्याला वाटावं हा माणूस वर्षानुवर्षं कुत्र्यांमध्येच राहिलाय.

यातलं एकही वाक्य खरं नव्हतं, आणि हीच वाक्यं आजही जाहिरातींमध्ये सर्रास दिसतात म्हणून एकेक सांगते.

टीकप नावाची जातच नाहीये. कुठल्याही मान्यताप्राप्त केनेल क्लबच्या (कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या) यादीत ती सापडणार नाही. यॉर्कशायर टेरियर मुळातच टॉय म्हणजे सगळ्यात छोट्या कुत्र्यांच्या गटातला, स्टँडर्डमध्ये (जातीच्या अधिकृत वर्णनात) त्याचं वजन ३.२ किलोपर्यंत दिलंय, त्याहून बारकं करायचं म्हणजे वेतातली सगळ्यात अशक्त पिल्लं मोठी झाली की एकमेकांशी लावायची, नाहीतर कमी वयाचं पिल्लू मोठं म्हणून खपवायचं. अशा बारक्या पिल्लांची रक्तातली साखर पटकन उतरते, एक वेळचं खाणं चुकलं तरी थरथरायला लागतात, पाय लटपटतात, फिटसुद्धा येऊ शकते. डोक्याची टाळू भरलेली नसते, गुडघ्याची वाटी सरकते. श्वासनलिका इतकी नाजूक की गळ्यातल्या पट्ट्याला ओढ बसली तरी खोकत राहतात, म्हणून यॉर्कीला छातीवरचा हार्नेसच घालायला सांगतात. काठी टेकत चालणाऱ्या माणसाच्या घरात, जिथे पायात काय आलंय ते पटकन दिसत नाही, तिथे असलं पिल्लू द्यायचं म्हणजे दोघांच्याही हाडांशी खेळ आहे. आणि हा माणूस नेमकं सासूबाईंचंच कारण पुढे करून विकत होता, याचा मला आजही सगळ्यात जास्त राग येतो.

मग ते ‘शांत लाइन’ प्रकरण. टेरियर माणसाने तयार केला तो बिळात शिरून कोल्हा नाहीतर बॅजर (बिळात राहणारा एक प्राणी) हुसकावायला आणि उंदीर मारायला. जॅक रसेल हा टेरियर ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते इंग्लंडमधल्या डेव्हनचे पाद्री जॉन रसेल, त्यांनी १८१९ च्या सुमारास ट्रम्प नावाची एक मादी घेतली आणि तिच्यापासून पुढे कोल्ह्याच्या शिकारीची कुत्री वाढवली. बिळात गेलेलं कुत्रं वरून दिसत नाही, ते कुठे आहे हे वरच्या माणसाला कळायचं तर ते भुंकत राहिलं पाहिजे, म्हणजे भुंकणं हे त्याचं काम होतं, आणि जे कुत्रं हे काम चांगलं करायचं त्याचीच पिल्लं पुढे वाढवली जायची. यॉर्की आज डोक्यावर रिबीन बांधून मांडीवर बसलेला दिसतो पण १९ व्या शतकात यॉर्कशायरच्या कापड गिरण्यांमधून उंदीर मारायचं काम त्याच्याकडे होतं. एवढ्या पिढ्यांचं वळण कुणाच्या ‘लाइन’ने पुसलं जात नाही. शिकवून भुंकणं कमी होतं, आवरतं, पण बेल वाजली, जिन्यात पाऊल वाजलं, खिडकीबाहेर पक्षी बसला की टेरियर बोलणारच. भिंतीला भिंत लागून शेजारी असतील तर हा प्रश्न आधी शेजाऱ्यांना विचारा.

मांजराचंही तेच. हलणारी छोटी वस्तू दिसली की पाठलाग करायचा, पकडायचं आणि मानेला झटका द्यायचा, हे टेरियरला कुणी शिकवावं लागत नाही. धीट मांजर असेल, पिल्लू लहान असेल आणि घरात दिवसभर लक्ष ठेवणारं माणूस असेल तर काही घरांमध्ये जमतं, मी नाही म्हणत नाही. पण घाबरून पळणारं म्हातारं मांजर, ससा, हॅमस्टर, पिंजऱ्यातले पक्षी असतील तर टेरियर आणायच्या आधी दहादा विचार करा.

आणि दमा असेल तर नीट वाचा. अ‍ॅलर्जी केसांमुळे होते असं सगळ्यांना वाटतं, पण त्रास देणारी प्रथिनं कुत्र्याच्या लाळेत, त्वचेच्या कोंड्यात, लघवीत असतात. केस कमी गळले तरी कुत्रं चाटणार, खाजवणार, सोफ्यावर लोळणार. केस गळत नाहीत म्हणजे अ‍ॅलर्जी होत नाही हे समीकरणच खोटं आहे. शिवाय यॉर्कीचे केस आपल्या केसांसारखे वाढतच जातात, रोज विंचरले नाहीत तर गुंता होऊन खालची त्वचा लाल होते, म्हणजे काम कमी होत नाही, वेगळं काम येतं. ज्यांना त्रास आहे त्यांनी त्या जातीच्या मोठ्या कुत्र्याबरोबर, तो राहतो त्याच घरात जाऊन दोन-तीन वेळा तरी बराच वेळ घालवावा आणि दम्याच्या डॉक्टरांशी बोलावं, दुसरा उपाय नाही.

आता व्यवहार. ॲडव्हान्स आधीच घेतला. घरी येऊन पिल्लू आणि त्याची आई बघतो म्हटलं तर आधी घराचं काम चाललंय, मग आई आजारी, मग तिला अनोळखी माणसं चालत नाहीत. व्हिडिओ कॉल लावला की नेटवर्क जायचं. शेवटी एका पार्किंगमध्ये भेटायचं ठरलं, टॉवेलात गुंडाळलेलं काळं-तपकिरी पिल्लू, गाढ झोपलेलं, "बघा म्हटलं नव्हतं किती शांत आहे", लसीचं कार्ड, एका सर्टिफिकेटची झेरॉक्स, उरलेले पैसे द्या, दुसरं गिऱ्हाईक थांबलंय. सगळं पाच-दहा मिनिटांत उरकलं, कारण त्याला ते तसंच उरकायचं होतं, पिल्लू लेकीच्या हातात देऊनच तो पैशांचं बोलला. तिच्या हातातून ते कोण काढून घेणार होतं?

दुसऱ्या दिवशी व्हेटकडे (प्राण्यांच्या डॉक्टरांकडे) नेलं आणि टेबलावरच सगळं उघडं पडलं. त्यांनी अंगठ्याने ओठ हळूच वर केला, पुढचे सुळे दिसत होते पण मागच्या हिरड्या बऱ्याचशा सपाट, एकदोन दाढांची नुसती टोकं. कुत्र्याचे दुधाचे २८ दात साधारण दुसरा महिना संपेपर्यंत आलेले असतात. आम्हाला पिल्लू अडीच महिन्यांचं सांगितलं होतं, व्हेट म्हणाले हे जेमतेम साडेपाच-सहा आठवड्यांचं आहे. मग त्यांनी लसीचं कार्ड उघडलं आणि पहिल्या डोसच्या तारखेवर बोट ठेवलं, हिशोब केला तर त्या तारखेला पिल्लाचे डोळेसुद्धा नीट उघडले नसतील. लसीच्या बाटलीवर बॅच नंबरचं स्टिकर असतं, ते काढून कार्डावर चिकटवतात, इथे सगळं पेनाने लिहिलेलं, शिक्का असा फाटका की नाव वाचता येईना. सर्टिफिकेटवर १५ आकडी मायक्रोचिप (कातडीखाली बसवलेली ओळखीची चिप) नंबर होता म्हणून मानेपासून खांद्यापर्यंत, मग बगलेपर्यंत स्कॅनर फिरवला, पुन्हा फिरवला. यंत्र काहीच बोललं नाही. चिप नव्हतीच.

आणि ते झोपणं? पोटात जंत, अंगात त्राण नाही, म्हणून झोपत होतं. त्याच रात्री ती थरथर सुरू झाली, मान टाकली, व्हेटने सांगून ठेवलं होतं म्हणून ग्लुकोजचं पाणी हिरड्यांना चोळलं आणि तसंच दवाखान्यात धावलो. ती वाचली. सगळी वाचत नाहीत. पार्व्होची (पिल्लांना होणाऱ्या जीवघेण्या विषाणूच्या आजाराची) टेस्ट निगेटिव्ह आली हे आमचं नशीब, कारण लस न झालेल्या एवढ्या लहान पिल्लाला पार्व्हो झाला तर उलट्या, रक्ताचे जुलाब आणि दोन-तीन दिवसांत जीव जाऊ शकतो.

लेकीने नाव ठेवलं चिंगी. बरी झाल्यावर तिच्यातला खरा टेरियर बाहेर आला. आठ आठवड्यांच्या आत आईपासून आणि भावंडांपासून तोडलेल्या पिल्लांना किती जोरात चावायचं हे कळत नाही, ते एकमेकांना चावूनच शिकतात, आणि ते शिकणंच तिचं राहून गेलं होतं, त्यामुळे खेळताना दात रुतायचे. सासूबाईंची कातडी पातळ, घोट्याला जखमा झाल्या, त्या पाय वर घेऊन बसायला लागल्या. मनी कपाटावर. कुंड्या उकरलेल्या. वाढायला लागली तसे पाय लांब झाले, दाढी राठ आली, आणि वाढ पूर्ण झाल्यावर काट्यावर सात किलो भरली. व्हेटच्या मते दोन-तीन टेरियर जातींचं मिश्रण आहे. यॉर्कीची पिल्लं काळी-तपकिरीच जन्मतात पण तशीच दिसणारी इतर टेरियर पिल्लंही भरपूर असतात, एवढ्या लहान वयात रंगावरून जात ओळखायला जाऊ नका, म्हणूनच तर आई बघायची.

त्या माणसाला फोन केला तर आधी म्हणाला तुम्ही जास्त खायला घातलंत, मग म्हणाला व्हेट पैसे काढतोय, मग ब्लॉक. नवऱ्याने जाहिरातीतले फोटो इमेज सर्चमध्ये टाकून बघितले, तेच फोटो वेगळ्या नावाने, वेगळ्या नंबरने आणखी जाहिरातींमध्ये होते. आम्ही चॅटचे स्क्रीनशॉट, पैसे पाठवल्याच्या पावत्या, व्हेटचा लेखी रिपोर्ट हे सगळं जोडून पोलिसांच्या सायबर विभागाकडे तक्रार केली आणि बँकेलाही कळवलं. पैसे परत आलेले नाहीत. तरी तक्रार कराच, आणि व्हेटचा रिपोर्ट पहिल्याच दिवशी तारखेसकट लेखी घ्या, नंतर घेतलेल्या कागदाला ते लोक "तुमच्याकडे आल्यावर झालं" म्हणून मोकळे होतात.

चांगला ब्रीडर (कुत्र्यांची पैदास करणारा) कसा असतो ते आम्हाला नंतर कळलं, ट्रेनरच्या ओळखीने एक बाई भेटल्या, त्यांच्याकडे बॉर्डर टेरियर आहेत. त्यांनी पिल्लाचं नाव निघायच्या आधी आम्हालाच प्रश्न विचारले. कुत्रं दिवसात सलग किती तास एकटं राहणार, फिरवायला कोण नेणार, पावसात कोण नेणार, घरात कोण पडू शकतं, कुंपणाखालून जागा आहे का. आमची उत्तरं ऐकून स्पष्ट म्हणाल्या, तुमच्या घरी मी टेरियरचं पिल्लू दिलंच नसतं, मोठं झालेलं, स्वभाव माहीत असलेलं एखादं निवांत कुत्रं शेल्टरमधून बघा म्हटलं असतं. आई-पिल्लं सगळी समोर, गुडघे आणि डोळे तपासल्याचे कागद समोर, आणि करारात लिहिलेलं की कधीही सांभाळणं जमलं नाही तर कुत्रं त्यांच्याकडेच परत द्यायचं. यॉर्की घेणार असाल तर आईवडिलांच्या यकृताच्या तपासणीचंही विचारा, या जातीत यकृताला वळसा घालून जाणाऱ्या रक्तवाहिनीचा जन्मजात दोष आढळतो.

टेरियर वाईट नाहीत हो. हुशार, धीट, जीव लावणारे, बारा-पंधरा वर्षं साथ देणारे. रोज दोन वेळा दमवणारं फिरणं, हुंगायला, शोधायला काहीतरी काम, न कंटाळता शिकवणारं माणूस आणि थोडा आवाज सहन करणारी माणसं असतील त्या घरात त्याच्यासारखं कुत्रं नाही. छोटा आहे म्हणजे व्यायाम कमी लागतो असं नाही, जॅक रसेल पाच-सहा किलोचा असतो आणि मोठ्या कुत्र्यांना दमवतो.

चिंगी आमच्याकडेच आहे, तिचा यात काय दोष. घरात मध्ये फाटक लावलंय, एका बाजूला सासूबाई आणि मनी, नवऱ्याने कामाच्या वेळा बदलून घेतल्यात, लेकीचा इनहेलर आता रोजचा झालाय आणि डॉक्टरांशी त्याबद्दल बोलणं चालू आहे, पुढे काय करायचं ते त्यावर ठरेल. ती जाहिरात बदललेल्या नंबरने अजून चालू आहे, निळ्या चादरीवर तीन पिल्लं, मधल्याच्या गळ्यात लाल रिबीन, आणि खाली ‘टीकप, सायलेंट, नो शेडिंग’. दिसली तर रिपोर्ट करा आणि कुणी घेत असेल तर त्याला फक्त एवढंच मागायला सांगा, पिल्लू ज्या घरात जन्मलं तिथे आईसोबत दूध पिताना बघायचंय.