लांबच्या नेमासाठी रायफल: सेमी-ऑटोमॅटिक, स्प्रिंगची, पीसीपी की पॉइंट टू-टू?

लांब पल्ल्याच्या नेमबाजीसाठी आणि शिकारीसाठी कोणती सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे पुढचे काडतूस आपोआप भरणारी, रायफल घ्यावी, असे सोलापुरातले बरेच तरुण मला विचारतात. परदेशी चित्रफिती पाहून हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. पण त्यातले दोन शब्द आपल्याकडे आरंभीच गळून पडतात.

पहिला शब्द शिकार. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतरही काही काळ शिकारीचे परवाने मिळण्याची वाट शिल्लक होती. 1991 च्या दुरुस्तीने तीही बंद झाली. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर आज काळवीट चरताना दिसतात ते या कायद्याच्या आधारावर, आणि त्याच माळावरचा माळढोक आता जवळपास दिसेनासा झाला आहे, ही गोष्ट इथल्या प्रत्येक बंदूकवाल्याने मनात ठेवावी. पिकात शिरणाऱ्या रानडुकरांचा त्रास खरा आहे, मात्र त्यासाठी वनखात्याची रीतसर परवानगी लागते आणि छंद म्हणून ती कोणालाही मिळत नाही. छर्ऱ्याच्या बंदुकीने पोपट किंवा होला टिपणे हीसुद्धा कायद्याने शिकारच आहे.

दुसरा शब्द सेमी-ऑटोमॅटिक. शस्त्र नियमांत अशी रायफल पहिल्याच, म्हणजे सर्वांत कडक वर्गात येते आणि सामान्य नागरिकाला तिचा परवाना मिळत नाही. लष्करी काडतूस ज्यात बसते ती 7.62 मिलिमीटरची किंवा .303 ची रायफल बोल्टची, म्हणजे प्रत्येक गोळीनंतर हाताने दांडा ओढून भरायची असली तरी त्याच वर्गात मोडते. म्हणूनच आपल्याकडच्या जुन्या परवानाधारकांच्या घरी इशापूरच्या कारखान्यातली, आपल्या लष्कराचे काडतूस न बसणारी .315 दिसते.

यात नेमबाजाचे फारसे नुकसान झाले आहे, असे मला वाटत नाही. सेमी-ऑटोमॅटिक रायफलीत काडतुसाच्या वायूचा किंवा धक्क्याचा काही भाग पुढचे काडतूस भरण्यासाठी खर्च होतो आणि त्यासाठी आत जड भाग मागेपुढे सरकतात. एकामागून एक गोळी लवकर सुटते हा तिचा गुण आहे. बोल्टच्या रायफलीत काडतूस घट्ट बंद होते, गोळी बाहेर पडेपर्यंत आत काहीच हलत नाही, आणि त्याच किमतीत ती साधारणपणे अधिक अचूक असते. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला 50 मीटर प्रोनमध्ये (पालथे पडून) जगज्जेत्या झाल्या आणि स्वप्निल कुसाळे यांनी 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशन्समध्ये (गुडघ्यावर, पालथे आणि उभे राहून) कांस्यपदक मिळवले. या स्पर्धांत प्रत्येक काडतूस हाताने एकेक करून भरावे लागते. लांबच्या नेमाला हवी असते ती दर वेळी तंतोतंत तशीच सुटणारी एक गोळी.

तेव्हा सोलापुरात बसून निवड करायची ती तीन पर्यायांतून: स्प्रिंगची एअर रायफल, पीसीपी म्हणजे आधीच भरून ठेवलेल्या दाबाच्या हवेवर चालणारी एअर रायफल, आणि पॉइंट टू-टू म्हणजे .22 इंची, काडतुसाची रायफल.

स्प्रिंगची रायफल सर्वांत स्वस्त असते आणि नळी मोडून, म्हणजे सांध्यावर खाली वाकवून, ती भरली की दुसरे काही लागत नाही. माझी सुरुवात तिच्यावरच झाली. दुकानदाराने आग्रहाने तिच्यावर साधी दुर्बीण बसवून दिली आणि महिन्याभरात त्या दुर्बिणीतली फुलीची रेघ तिरपी झाली. कारण मला नंतर समजले. घोडा दाबल्यावर आतला दट्ट्या पुढे झेपावतो तेव्हा रायफल आधी मागे येते आणि दट्ट्या टोकाला आदळताच पुढे झटका खाते. हा उलटसुलट धक्का सोसायला दुर्बीण खास त्यासाठी बनवलेली असावी लागते. त्याच धक्क्यामुळे अशी रायफल आवळून धरली तर नेम भरकटतो आणि तळहातावर सैल ठेवली तर सुधारतो. शिवाय प्रत्येक छर्ऱ्याला नळी जोर लावून मोडावी लागते. साठ छर्ऱ्यांनंतर खांदा थरथरू लागतो आणि मग चूक हाताची की बंदुकीची, हे नवशिक्याला उमगत नाही. घरच्या घरी डोळा आणि श्वास यांची ओळख करून घेण्यापुरती ती ठीक आहे, पण स्पर्धेचा विचार असेल तर या टप्प्यावर पैसे घालू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

पीसीपीच्या नळकांड्यात साधारण 200 बार दाबाची हवा असते आणि रेग्युलेटर त्यातून प्रत्येक वेळी सारख्याच दाबाची हवा सोडतो. त्यामुळे पहिला आणि साठावा छर्रा जवळपास एकाच वेगाने, सेकंदाला सुमारे 170 मीटरने जातो. धक्का जवळजवळ जाणवत नाही आणि भरायला ताकद लागत नाही, म्हणून बारा-तेरा वर्षांची मुलगीही पूर्ण सराव करू शकते. ऑलिंपिकच्या 10 मीटर प्रकारात दहा गुणांचा ठिपका केवळ अर्ध्या मिलिमीटरचा असतो, 75 मिनिटांत 60 नेम साधायचे असतात आणि रायफलीचे वजन 5.5 किलोच्या आत असावे लागते; या कामाला पीसीपीशिवाय पर्याय नाही. हवा भरण्याची सोय मात्र आधी पाहावी. हातपंपाने भरता येते, पण त्यात घाम निघतो आणि पावसाळ्याच्या दमट दिवसांत पंपातून ओल आत जाण्याचा धोका असतो. कोरडी हवा देणारा कॉम्प्रेसर असलेला क्लब जवळ असेल तर निम्मी चिंता मिटते.

परवान्याच्या दृष्टीने एअर रायफलीला मोठी सवलत आहे: नळी 4.5 मिलिमीटरपेक्षा मोठी नसेल आणि ताकद 20 ज्यूलच्या आत असेल तर परवाना लागत नाही. 5.5 मिलिमीटरची एअर रायफल मात्र या सवलतीत बसत नाही. दुकानात ‘काही होत नाही, घेऊन जा’ असे कोणी म्हणाले तरी ती परवान्याशिवाय घेऊ नये.

पॉइंट टू-टूची गोष्ट वेगळी आहे. परवाना लागतो, शहरातल्या रहिवाशाने पोलीस आयुक्तांकडे आणि ग्रामीण भागातल्याने जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा असतो, आणि वाट पाहण्याची तयारी ठेवायची असते. त्यानंतर काडतुसांचा खर्च सुरू होतो, जो कधीच थांबत नाही. सर्वांत मोठी अडचण जागेची. एअर रायफलीसाठी दहा मीटरची पट्टी जुळे सोलापुरातल्या एखाद्या लांबट हॉलमध्येही आखता येते, परंतु पॉइंट टू-टूची गोळी दीड किलोमीटरच्या आसपास जाऊ शकते, त्यामुळे मान्यताप्राप्त रेंजशिवाय तिच्यातून गोळी झाडणे हा गुन्हा तर आहेच, जिवावरचा धोकाही आहे. शेताच्या बांधावर बाटली ठेवून सराव करण्याची कल्पना मनातून काढून टाकावी. अडीचशे किलोमीटरवरच्या पुण्यातल्या बालेवाडीच्या रेंजवर महिन्यातून दोनदा जाणे परवडत असेल, तरच ही रायफल अर्थपूर्ण ठरते. तिथे गेल्यावर मात्र वारा वाचायला शिकता येते, आणि ते हॉलमधली एअर रायफल कधीच शिकवत नाही.

किंमत ठरवताना केवळ रायफल धरू नये. कॅनव्हास-चामड्याचे जाड जाकीट, पँट, बूट आणि हातमोजा यांचा खर्च बराच होतो, आणि एप्रिलमध्ये पारा चाळिशीच्या वर असताना ते जाकीट घालून तासभर उभे राहण्याचा सराव वेगळाच करावा लागतो. छर्ऱ्यांतही फरक असतो. डबा दिव्याखाली धरून पाहिला तर काही छर्ऱ्यांची मागची पातळ कड चेपलेली दिसते. असा छर्रा नळीत वाकडा बसतो आणि चांगल्या रायफलीलाही बदनाम करतो. ते निवडून बाजूला काढावेत आणि शिसे हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत.

वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ, आन्शुट्झ यांच्या स्पर्धेच्या पीसीपी लाखांच्या घरात जातात, म्हणून माझा सल्ला असा की आधी सहा महिने क्लबच्या रायफलीवर शिकावे. तोवर खांद्यापासून घोड्यापर्यंतचे आपले अंतर, गाल दस्त्यावर किती उंचीला टेकतो आणि घोडा दाबतानाचा पहिला, हलका टप्पा बोटाला कुठे जाणवतो, हे कळते. डावखुऱ्यांनी तर डाव्या हाताचा दस्ता मिळेपर्यंत थांबावे. मग वापरलेली रायफल पाहावी, आणि ती पाहताना सर्वांत आधी हवेचे नळकांडे फिरवून त्यावर कोरलेली तारीख वाचावी: बहुतेक उत्पादक नळकांड्याची मुदत दहा वर्षे धरतात, आणि मुदत संपलेले असेल तर नव्या नळकांड्याची किंमत विक्रेत्याच्या आकड्यातून वजा करूनच बोलणी करावीत.