यादवी युद्धाची छावणी भाड्याने: तंबू घ्या, पत्रं घरीच करा

एकांकिका स्पर्धांच्या तोंडावर परळ भागातल्या एका प्रॉपर्टीवाल्याने (नाटकाचं सामान पुरवणाऱ्याने) ‘अमेरिकन यादवी युद्ध, 1861-65’ असा अख्खा संच भाड्याने द्यायला काढलाय. त्यात तंबू, दोन लाकडी बंदुका, दोन संगिनी, खांद्याचा थैला, पाण्याची बाटली, टिनचे मग, बिस्किटांचा खोका, पत्रांचं पुडकं, गळ्यातले ओळखपट्टे आणि पेन ड्राइव्हवर बिगुल एवढं येतं. तीन दिवसांचं भाडं 4,500 रुपये, अनामत वेगळी. विषय वाटतो तितका मुंबईला परका नाही. उत्तर आणि दक्षिणेतल्या राज्यांच्या या लढाईत तिकडच्या दक्षिणेतला कापूस अडला तेव्हा इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि 1865 साली तिकडे शांतता झाल्यावर इथला शेअरबाजार आडवा झाला. कापसाचे आणि शेअरचे दलाल प्रेमचंद रायचंद यांची मुंबई आणि व्हर्जिनियातली छावणी एकाच रंगमंचावर आणायचा मोह लेखकाला झाला तर नवल नाही.

आधी जमलेल्या गोष्टी. तंबू उत्तम आहे. दोन सैनिकांनी प्रत्येकी अर्धा तुकडा पाठीवर वाहायचा आणि मुक्कामाला दोन्ही तुकडे बटणांनी जोडून आत झोपायचं, ही पद्धत त्यांनी बरोबर उचलली आहे. कापड जाड सुती आहे, ताडपत्री नाही. उभा राहिल्यावर जेमतेम कंबरेएवढा दिसतो, तो तसाच हवा. दिग्दर्शकाला उंच तंबू लागत असेल तर युद्धाच्या सुरुवातीच्या काळातला शंकूच्या आकाराचा सिब्ली तंबू दाखवता येतो. पण त्याचा घेर 18 फूट आणि उंची 12 फूट, म्हणजे स्पर्धेच्या रंगमंचावर दुसरं काही मावणार नाही. खिळे ठोकायला नाट्यगृहात परवानगी मिळत नाही, म्हणून दोऱ्या वाळूच्या पिशव्यांना बांधा. दोन्ही टोकांना किमान पाच-पाच किलोची पिशवी हवी, नाहीतर नट आत शिरताना तंबू त्याच्यासकट आडवा होतो.

संगीन हा या संचातला सर्वांत कामाचा ऐवज. छावणीत तिचा खरा उपयोग मेणबत्तीचं घर म्हणून व्हायचा. टोक जमिनीत खुपसायचं आणि बंदुकीवर चढवायच्या नळीत मेणबत्ती बसवायची. पत्र लिहायचा प्रसंग असेल तर एवढी एक वस्तू अर्धं नेपथ्य उभं करते. नळी साधारण दोन सेंटिमीटर रुंद आहे. जिवंत ज्योत चालत नाही, तेव्हा सेलवरची बारीक मेणबत्ती घ्या आणि बुडाला सुतळी गुंडाळून घट्ट बसवा. टोकासाठी लाकडाच्या ठोकळ्याला तिरपं भोक पाडून तो गोणपाटाखाली लपवा.

बिस्किटं प्लास्टर ऑफ पॅरिसची आहेत. खोक्यावर आपटली की आवाज छान येतो, पण दाताखाली धरता येत नाहीत. खरी ‘हार्डटॅक’ घरी होते. दोन वाट्या मैद्याला पाऊण वाटीपर्यंत पाणी आणि एक चमचा मीठ, तेल-तूप थेंबभरही नाही. अर्धा इंच जाड लाटून तीन इंची चौकोन कापा, प्रत्येकावर चार ओळींत चार अशी सोळा आरपार भोकं पाडा, 190 अंशांवर दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा तास भाजा आणि ओव्हन बंद करून आतच गार होऊ द्या. घाईने बाहेर काढली की मधला भाग ओला राहतो आणि आपल्या हवेत दोन दिवसांत बुरशी धरते. बंद डब्यात ठेवा. चावताना नटाने आधी कॉफीत बुडवायची, कारण सैनिकही तेच करायचे. पोरकिडे वर तरंगले की चमच्याने काढून टाकायचे आणि पुढे खायचं.

कॉफीवरून एक चूक हमखास होते. उत्तरेच्या सैन्यात शंभर शिध्यांमागे दहा पौंड कच्चे दाणे मिळायचे, म्हणजे माणशी रोज 45 ग्रॅम. दक्षिणेची बंदरं नाकेबंदीने अडलेली, त्यामुळे करड्या गणवेशातला शिपाई भाजलेला मका, ओकची फळं, रताळी, चिकोरी असलं काहीबाही उकळून प्यायचा. तेव्हा दक्षिणेकडच्या पात्राच्या तोंडी ‘मस्त कॉफी’ घालू नका.

आता पत्रं. इथे संच सपशेल नापास. पुडक्यातले सगळे कागद चहात बुडवून तपकिरी केलेत, कडा जाळल्यात, शाई विटकरी. दिसायला जुनं दिसतं, आणि चूक तिथेच आहे. आपल्याला ते पत्र दीडशे वर्षांचं आहे, पण नाटकातल्या आईला ते कालच आलंय. त्या वेळचा कागद चिंध्यांच्या लगद्याचा, चांगला टिकाऊ. तेव्हाची लोहयुक्त शाई सुरुवातीला काळी दिसते, तपकिरी होते ती वर्षं गेल्यावर. संग्रहालयातला रंग रंगमंचावर आणायचं कारण नाही. मळलेली पत्रं हवीतच, पण ती शिपायाच्या थैल्यातली. घरून आलेली ती पत्रं घामाने, पावसाने, पुन्हा पुन्हा उघडून घड्यांवर फाटलेली असणार.

बाकीच्या चुका विनोदी आहेत. पाकिटांना विमानटपालाची लाल-निळी किनार आहे. एका पाकिटावर ‘सेन्सॉर’चा शिक्का आहे. पण या युद्धात सैनिकांच्या पत्रांची पद्धतशीर तपासणी होतच नव्हती, म्हणून तर ती इतकी मोकळी आहेत. तिकिटावर लिंकन आहे, आणि लिंकनचं पहिलं तिकीट निघालं 1866 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर. उत्तरेच्या साध्या पत्राला तीन सेंट, गुलाबी छटेचं तिकीट, त्यावर वॉशिंग्टन. दक्षिणेत जुलै 1862 पासून दहा सेंट. तिकीट नसेल तर उत्तरेचा शिपाई पाकिटावर ‘सोल्जर्स लेटर’ लिहून अधिकाऱ्याची सही घ्यायचा आणि पैसे घरच्यांकडून वसूल व्हायचे. लेखकांनी याचा उपयोग का करू नये? आईने आधी तीन सेंट शोधायचे, मग पत्र उघडायचं. गळ्यातले ओळखपट्टे तर काढूनच टाका, अमेरिकन सैन्यात ते 1906 साली आले. लढाईआधी काही जण नावाची चिठ्ठी कोटाला टाचायचे.

पत्र असं करा. लेजर पेपरचा (हिशेबाच्या वह्यांच्या जाड कागदाचा) 10 बाय 8 इंचांचा तुकडा मधोमध दुमडला की 5 बाय 8 ची चार पानं होतात. मुंबईत तो अब्दुल रहमान स्ट्रीटवरच्या कागदवाल्यांकडे विचारा. पांढराशुभ्र घेऊ नका, प्रकाशात डोळ्यांवर येतो, दुधी रंग बरा. हातकागदावर शाई फुटते, आधी एक ओळ लिहून पाहा. लिहायला टाक आणि काळी वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक घ्या, कारण साध्या शाईचं पत्र नटाच्या घामेजल्या हातात दुसऱ्या प्रवेशापर्यंत टिकत नाही. पाच-सहा शब्दांनी टाक बुडवा, म्हणजे ओळीतला गडद-फिका चढउतार आपोआप येतो. दक्षिणेतलं पत्र असेल तर कागदाची टंचाई दाखवा: पान भरलं की ते आडवं फिरवून त्याच ओळींवर काटकोनात लिहायचं, आणि पाकीट भिंतीच्या जुन्या वॉलपेपरचं करायचं. आतल्या पानावर नटाचा मजकूर ठळक देवनागरीत लिहून ठेवा, प्रयोगाला देव धावून येत नाही.

सोबत दिलेला नमुना मजकूर वापरू नका. त्यात पहिल्याच ओळीत चंद्र आणि मरण आहे. खरी पत्रं आपल्याकडच्या ‘येथील सर्व क्षेम’सारखी तब्येतीने सुरू होतात: मी बरा आहे, तुम्हीही बरे असाल. मग पत्र येत नाही ही तक्रार, मोजे आणि तिकिटं पाठवा, मका किती झाला, जुलाब थांबले, पगार अजून नाही. उत्तरेच्या साध्या गोऱ्या शिपायाला महिन्याला 13 डॉलर मिळायचे. कृष्णवर्णीय शिपायाला 10, त्यातून 3 कपड्यांचे कापून. कृष्णवर्णीयांच्या 54व्या मॅसॅच्युसेट्स पलटणीतल्या जेम्स हेन्री गुडिंगने 1863 साली थेट लिंकनलाच पत्र लिहून समान पगार मागितला. चंद्राऐवजी हे घ्या.

बिगुलात ‘टॅप्स’ची, म्हणजे रात्री दिवे मालवायच्या इशाऱ्याची धून आहे. ती जुलै 1862 मधली, त्याआधीच्या प्रसंगाला लावू नका.

एकूण संच घ्यायला हरकत नाही, पण पत्रं, पाकिटं आणि ओळखपट्टे नकोत म्हणून सांगा आणि भाडं कमी करून घ्या, घासाघीस चालते. ताब्यात घेताना तंबूची बटणं मोजा, परत देताना हरवलेल्या प्रत्येक बटणाचे पैसे अनामतीतून कापतात. दोन्ही संगिनींच्या नळ्याही पाहा, एकीत रंगाचा थर बसून ती बुजली आहे.