चेंबर तुंबण्याचं कारण गच्चीवर सापडलं

आमची सोसायटी पुण्याच्या सहकारनगरमधली, १९८७ सालची. तीन विंग, ३६ फ्लॅट. दर जुलैत बी विंगच्या तळमजल्यावर काकूंच्या न्हाणीघरात जाळीतून काळं पाणी वर यायचं. काकूंचं वय ७८. जोराची सर आली की त्या दाराशी गोणपाट आणि दोन विटा लावून बसायच्या. २५ जुलै २०२४ ला, सिंहगड रोडवरच्या एकतानगरीत पाणी शिरलं त्याच दिवशी, हे घाण पाणी त्यांच्या देवघरापर्यंत गेलं. देव ओट्यावर काढून ठेवून त्या रडत उभ्या होत्या. सेक्रेटरी म्हणून मला फार लाज वाटली. पुढच्या पावसाळ्याआधी याचा छडा लावायचाच, असं त्या दिवशी ठरवलं.

त्याआधी सहा वर्षांत चार वेळा जेटिंग, म्हणजे जोराच्या पाण्याने पाइप साफ करणं, झालं होतं. एका कंत्राटदाराने ड्रेनेजची लाइनच लहान पडते असं सांगून ६ इंचीची ८ इंची करायला साडेचार लाखांचं कोटेशन दिलं. पण मग हीच लाइन मे महिन्यात, सगळी घरं भरलेली असताना, सुरळीत कशी वाहते? याचं उत्तर कोणी देईना.

शेवटी धनकवडीच्या दोघा भावांना बोलावलं. ड्रेनेजमध्ये पावसाचं पाणी कुठून शिरतं ते शोधून देणं हेच त्यांचं काम. पहिल्याच भेटीत त्यांनी पहार आणली नाही, गच्चीचं माप घेतलं. बी विंगची गच्ची साधारण २५० चौरस मीटर. तासाभरात ४० मिलिमीटर पाऊस पडला तर १०,००० लिटर पाणी. विंगमध्ये माणसं ४५, माणशी १३५ लिटर धरले तरी सगळ्यांचं दिवसभराचं सांडपाणी ६,००० लिटरच्या आसपास. म्हणजे गच्चीचं पाणी ड्रेनेजला जोडलेलं असेल, तर दीड दिवसाहून जास्त सांडपाण्याइतकं पाणी एका तासात त्याच पाइपात. हा हिशोब मी जनरल बॉडीत फळ्यावर मांडला, तेव्हा विरोध करणारे गप्प झाले.

मेमध्ये धुराची चाचणी झाली. चेंबरवर ब्लोअर बसवून आत पांढरा धूर सोडतात. तो बाधत नाही. दहा मिनिटांत बी विंगच्या गच्चीवरून मुलं ओरडायला लागली. पावसाच्या पाण्याच्या चार पाइपांपैकी तीन पाइपांच्या तोंडातून धूर निघत होता! कधीतरी दुरुस्तीच्या वेळी कोणीतरी ते सरळ ड्रेनेजच्या चेंबरला जोडून टाकले होते. जास्वंदीच्या आळ्यातूनही धुराची बारीक रेघ वर येत होती. तिथे खाली पाइप फुटलेला.

मला सगळ्यात पटलं ते पुढचं. भेगा उन्हाळ्यात दिसतात, पण जमिनीतलं पाणी आत झिरपताना दिसायला जमीन ओली लागते, म्हणून जूनच्या मध्यावर दोघे भाऊ स्वतःहून पाइपात सोडायचा कॅमेरा घेऊन परत आले. स्क्रीनवर पाहिलं: जुन्या स्टोनवेअर (भाजलेल्या मातीच्या) पाइपाच्या सांध्यातून केसांसारखी मुळं लोंबत होती आणि त्यांच्या टोकांवरून स्वच्छ, नितळ पाणी टपटप मैल्यात पडत होतं. हेच पाणी पुढे महापालिकेच्या मैलाशुद्धीकरण केंद्रात मैला म्हणून जाणार, तिथे ते शुद्ध करायला वीज जळणार, आणि केंद्राला झेपलं नाही की सगळं मिळून मुठेत. आपल्या कंपाउंडमधल्या चुकीची किंमत नदी मोजते, हे मला तेव्हा पहिल्यांदा आतून लागलं.

एक चूक आम्हा सगळ्यांची होती. पार्किंगमध्ये पाणी साचलं की वॉचमन चेंबरचं झाकण उचलून ठेवायचा आणि आम्ही त्याला शाबासकी द्यायचो. आता त्या चेंबरचा गळा सहा इंच उंच केला आहे, झाकण घट्ट आहे आणि पार्किंगचं पाणी वेगळ्या नालीने रस्त्याकडेच्या पावसाळी गटारात जातं. गच्चीचे दोन पाइप गाळणीतून बोअरला जोडले. फुटका पाइप नऊ मीटर खोदून बदलला. दोन सांध्यांना न खोदता आतून अस्तर लावलं: रेझिनमध्ये (सुकून कडक होणाऱ्या चिकट द्रवात) भिजवलेलं फायबरचं कापड फुग्यावर गुंडाळून आत सरकवतात, फुगा फुगवतात आणि कापड कडक होईपर्यंत थांबतात. या सगळ्या कामात एकही माणूस चेंबरमध्ये उतरला नाही. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस उतरवायला कायद्याने बंदी आहे, पण काम देताना कोणालाच न उतरवण्याची अट आपण घालायलाच हवी.

तपासणीचे १८,५०० आणि पुढच्या कामांसकट एकूण १ लाख ४६ हजार रुपये झाले.

तक्रारीही आहेत. धुराच्या चाचणीआधी बंद फ्लॅटच्या नहाणी ट्रॅपमध्ये (न्हाणीच्या जाळीखालचा वाकडा भाग, त्यात साचलेलं पाणी ड्रेनेजचा वास अडवतं) पाणी ओतायला त्यांनी सांगितलं नाही. ए विंगमधल्या एका कोरड्या ट्रॅपमधून धूर जिन्यात आला आणि शेजारचे आजोबा आग लागली म्हणून घाबरून खाली धावले. हे अक्षम्य आहे, आणि मी तसं त्यांना सांगितलं. रिपोर्ट पूर्ण इंग्रजीत होता, सभासदांसाठी मला बसून मराठीत लिहावा लागला. फरशी परत बसवली ती वाकडी. दोनदा फोन केल्यावर सरळ केली.

गेल्या ऑगस्टमध्ये रात्रभर पाऊस कोसळला. पहाटे पाचला मी टॉर्च घेऊन बी विंगचं चेंबर उघडलं. तळाशी चार बोटं पाणी, शांत वाहत होतं. काकूंचं दार वाजवलं नाही, झोपल्या होत्या.

गच्चीचा तिसरा पाइप अजून ड्रेनेजलाच आहे, सी विंगच्या भिंतीतून नेल्याशिवाय तो सुटत नाही. त्याचं काम मार्चमध्ये करून घेणार आहोत. तुम्हाला या भावांना बोलवायचं असेल तर होळीच्या आसपासच सांगून ठेवा, मेच्या शेवटी त्यांची तारीख मिळत नाही.